बाजारपेठेतला आर्ट वॉक: सुरुवात कुठून करायची आणि पैसे कुणाला द्यायचे?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ची गर्दी थोडी कमी केलीय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

[००:००] सुरुवात

हेडफोन लावून बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकत असाल, तरी स्वागत आहे.

मागच्या काही भागांनंतर एक प्रश्न सारखा येतोय. ‘आमच्या गावात काहीतरी करायचंय, पण मुंबई-पुण्यासारखं कसं होणार?’ तर आज एकच गोष्ट घेऊ या, आर्ट वॉक. मी स्वतः एकदा करून बघितलाय, माझ्या गावात, जाफराबादला. काय जमलं, काय फसलं, सगळं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जाफराबाद हा जालना जिल्ह्यातला तालुका. केळना आणि पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. नगरपंचायत आहे, आठवडी बाजार भरतो, कापूस-सोयाबीन-मक्याचा पैसा आला की बाजारपेठ हलते, नाहीतर शांत. आर्ट गॅलरी वगैरे काही नाही. आणि म्हणूनच हा विषय घेतोय.

[०१:५०] आर्ट वॉक म्हणजे नेमकं काय?

साधी गोष्ट आहे. एका संध्याकाळी, एका रस्त्यावरची दुकानं आणि जागा कलाकारांसाठी खुल्या होतात. लोक पायी फिरतात, थांबतात, बघतात, कलाकाराशी बोलतात, वाटलं तर विकत घेतात. एक रस्ता, एक ठरलेली वेळ, आणि तिकीट नाही. झालं.

अमेरिकेत सिएटल शहरात १९८१ पासून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असा वॉक चालतो. तिथं गॅलऱ्या जवळजवळ होत्या, त्यांनी एकाच संध्याकाळी उशिरापर्यंत दारं उघडी ठेवायचं ठरवलं. इथं कळीचा शब्द आहे ‘दर महिन्याला’. लोकांना तारीख पाठ झाली की जाहिरात लागत नाही. आपल्याकडं आठवडी बाजाराची जाहिरात कोण करतं? कुणीच नाही. तरी सगळा तालुका येतो.

प्रदर्शन आणि वॉक यात एक फरक आहे. प्रदर्शनाला ज्याला चित्रं बघायचीत तोच जातो. वॉकमध्ये साबण घ्यायला निघालेला माणूससुद्धा चित्रासमोर येऊन उभा राहतो. त्यामुळं दुकानदार यात फक्त जागा देणारा नसतो, अर्धा कार्यक्रम त्याचा असतो.

[०३:३०] काळा घोडा: आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण

महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मुंबईचा काळा घोडा फेस्टिव्हल. नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिलं. २०१७ मध्ये तिथं नवा घोडा उभा केला, त्यावर स्वार नाही.

१९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून फेस्टिव्हल सुरू झाला. नऊ दिवसांचा. जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून लायब्ररी, म्युझियम हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. रस्ता गाड्यांसाठी बंद आणि लोकांसाठी मोकळा. कार्यक्रम फुकट.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली, आधी संस्था झाली, मग उत्सव. म्हणजे त्या भागाची काळजी घेणारी माणसं आधी एकत्र आली. दुसरी गोष्ट जरा कडू आहे. त्याच चौकात रिदम हाऊस नावाचं गाण्यांच्या कॅसेट-सीडींचं प्रसिद्ध दुकान होतं. दरवर्षी फेस्टिव्हलची तुफान गर्दी समोरून जायची, तरी २०१६ मध्ये ते बंद झालं. लोक गाणी मोबाइलवर ऐकायला लागले होते. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. दारावरून दहा हजार माणसं गेली आणि आत कुणी आलं नाही, तर दुकानदाराच्या हाती काय? फक्त झाडायला कचरा.

[०५:२०] हे काही परदेशी फॅड नाही

गावात कुणाला ‘आर्ट वॉक’ म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, ‘हे मोठ्या शहरातले चोचले.’ तेव्हा मी भोकरदनचं नाव घेतो.

भोकरदन म्हणजे आमचा शेजारचा तालुका, त्याच केळना नदीवरचा. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुत इथल्या स्तूपांवर दगडात कोरलेली देणगीदारांची नावं आहेत, त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या माणसांनी कुठल्या कुठे चाललेल्या शिल्पकामाला पैसे दिले आणि तिथं आपलं नाव कोरून घेतलं. आजच्या भाषेत स्पॉन्सर!

आणखी ऐका. १९७० च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचं इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडची कारागिरी व्यापाऱ्यांच्या मालातून समुद्रापार पोचली होती. कारागीर आणि व्यापारी ही जोडी आपल्याकडं जुनी आहे. मध्यंतरी तुटली, एवढंच.

[०७:००] माझी पहिली चूक

आता माझ्या गोष्टीकडं येतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीनंतर काही दिवस घरूनच काम करत होतो, तेव्हा हे डोक्यात आलं. इंजिनिअर माणूस, त्यामुळं पहिलं काय केलं? ऍप बनवलं. नकाशा, कलाकारांची माहिती, नोटिफिकेशन, सगळं. दोन शनिवार-रविवार घालवले. डाउनलोड किती झाले? सात. त्यातला एक माझा, एक आईचा.

पण खरी चूक ती नव्हती.

आमच्या गावात एक पेंटरकाका आहेत. नाव सांगत नाही. माझ्या लहानपणी बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, सगळं. कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव. मग फ्लेक्स आला. पाटीला तीन दिवस लागायचे, फ्लेक्स तासाभरात हातात. काकांचं काम वर्षा-दोन वर्षांत आटलं. आता ते घरांना रंग देतात, रोजंदारीवर.

मी त्यांच्याकडं गेलो आणि उत्साहात म्हणालो, ‘काका, तुम्ही या, तिथं लाइव्ह पाटी रंगवा, आम्ही व्हिडिओ काढतो, तुम्हाला प्रसिद्धी मिळेल.’

काकांनी ब्रश पुसला आणि मला विचारलं, ‘पोरा, या गावात मला कोण वळखत नाही ते सांग.’

मी गप्प.

‘मग तुझ्या प्रसिद्धीनं रंगाचा डबा येतो का?’

रागानं नाही म्हणाले. खरंच विचारत होते. आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी स्वतः एक तास जास्त काम केलं तर कॉम्प-ऑफ मागतो, आणि या माणसाचे तीन दिवस मला फुकट पाहिजे होते.

तर मंडळी, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. आर्ट वॉकमधलं पहिलं काम म्हणजे कलाकाराला कोण, किती आणि कधी पैसे देणार हे ठरवणं. पोस्टर, हॅशटॅग, उद्घाटक, सगळं नंतर. ‘एक्स्पोजर’ हा शब्द गावात तर चालतच नाही, कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

[०९:४०] मग पैसे आले कुठून?

उत्तर काकांच्याच बोलण्यात होतं. मी दुकानदारांना वर्गणी मागणार होतो. पण दुकानदार आधीच वैतागलेला असतो. गणपती, देवी, जयंती, स्पर्धा, प्रत्येकाचं पावतीपुस्तक त्याच्या काउंटरवर येतं. आपण आणखी एक घेऊन गेलो तर तो पन्नास रुपये देऊन कटवतो. बरोबरच आहे त्याचं.

म्हणून प्रश्न बदलला. दुकानाला वर्षभर उपयोगी पडेल असं काय आहे जे कलाकार बनवू शकतो? पाटी!

इथं एक कायद्याची गोष्ट सांगतो. दुकानांच्या पाट्या मराठी देवनागरीत असाव्यात हा नियम २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही लागू झाला. मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. म्हणजे पाटीचा खर्च असाही होणारच होता.

मग आम्ही दुकानदाराला म्हणालो, ‘वर्गणी नको. पाटी करून घ्या. भाव काका सांगतील, अर्धे पैसे आधी, अर्धे पाटी लागल्यावर, थेट त्यांनाच द्यायचे. आमच्या हातात एक रुपया नको.’ नऊ दुकानं तयार झाली. सगळी पाटीसाठी नाही. कापडवाल्यांनी गोधड्या टांगायला जागा दिली, एका हॉटेलवाल्यांनी भिंत रंगवून घेतली, एका स्टेशनरीवाल्यांनी शाळेतल्या पोरांची चित्रं काचेत लावली. पण तत्त्व एकच, दुकानाच्या धंद्याशी जुळेल अशी जोडी लावायची. भांड्याच्या दुकानात कुंभाराचं काम, शिंप्याकडं भरतकाम, पुस्तकवाल्याकडं सुलेखन.

सामाईक खर्चासाठी मात्र प्रत्येक दुकानाचे ५०० रुपये घेतले, म्हणजे ४,५०० रुपये. त्यात पाण्याचे जार, एलईडी बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, सुतळी आणि कागदी नकाशांच्या झेरॉक्स. हिशेब रोज ग्रुपवर टाकला. कुणीतरी म्हणालं, ‘स्वागताचा एक मोठा फ्लेक्स लावू या का?’ काकांनी फक्त बघितलं त्याच्याकडं. विषय संपला.

[१२:१०] दिवस, वेळ, रस्ता

*दिवस.* मला वाटलं बाजाराचा दिवस सगळ्यात भारी, आयती गर्दी. दुकानदार हसले. त्या दिवशी त्यांना मान वर करायला वेळ नसतो, आणि खेड्यावरची माणसं गाडी चुकू नये म्हणून अंधाराआधी निघतात. मग तोडगा असा निघाला, चित्रं आणि वस्तू बाजाराच्या दिवशी सकाळीच लावायच्या, म्हणजे खेड्यातल्या लोकांनाही दिसतात. कलाकारांसोबतचा वॉक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

*महिना.* पीक विकून पैसा हातात आलेला असतो तेव्हा. आमच्याकडं दिवाळीनंतरचे आठवडे. तुमच्याकडं ऊस असेल, आंबा असेल, तिथलं गणित तुम्ही बघा. पावसाळ्यात करू नका, रंग वाहून जातो आणि पेरणीच्या काळात खिसाही रिकामा असतो.

*वेळ.* पाच ते आठ. बायका-मुली आल्या पाहिजेत असं वाटत असेल तर रस्त्याचा एकही कोपरा अंधारात नको, आणि स्वच्छतागृहाची सोय आधी बघा. आम्ही दोन दुकानदारांच्या घरातली सोय वापरायची परवानगी घेतली आणि नकाशावर तशी खूण केली. बारीक गोष्ट वाटते, पण त्यामुळं बायका घाईनं परत गेल्या नाहीत.

*रस्ता.* लांब नको. रमतगमत वीस मिनिटांत संपेल एवढाच. आणि सुरुवातीला एखादं चहाचं ठिकाण, शेवटीही एक.

आता शटरची गंमत. माझी कल्पना होती की सगळ्या शटरवर चित्रं काढायची. परदेशातले फोटो बघितले होते ना. किराणावाले काका म्हणाले, ‘अरे, संध्याकाळी दुकान चालू असतं. शटर वर गुंडाळलेलं असतं. तुझं चित्र कोण बघणार, पाल?’ इंजिनिअरिंगची चार वर्षं अशी वाया जातात. शेवटी बाजूच्या भिंती, पायऱ्या आणि पाट्या घेतल्या.

[१४:३०] परवानग्या: कंटाळवाणं, पण टाळू नका

पटपट सांगतो. रस्त्याचा वापर करणार असाल तर नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज. पोलीस ठाण्यात अर्ज, त्यात तारीख, वेळ, रस्ता आणि जबाबदार माणसाचा नंबर. स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा भाग आहे. आम्ही स्पीकर लावलाच नाही. एक हलगीवाले होते, पुरेसं झालं.

भिंत रंगवायची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. सरकारी भिंत असेल तर त्या कार्यालयाची. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. आपण कला म्हणतो, पण कागद नसेल तर समोरचा त्याला विद्रूपीकरण म्हणू शकतो.

आणि हातगाडीवाले. हे मी विसरलो होतो. पहिल्या नकाशात मी ‘रस्ता मोकळा’ असं लिहून टाकलं, जणू तिथं रोज कुणी उभंच नसतं. एका फळवाल्या मावशींनी विचारलं, ‘मग आम्ही त्या दिवशी कुठं जायचं?’ फेरीवाल्यांच्या हक्कांसाठी २०१४ चा कायदा आहे, पण कायद्याच्याही आधी साधी माणुसकी आहे. नकाशा बदलला. गाड्या जागच्या जागी ठेवल्या आणि दोन गाड्यांवर काकांनी नावं रंगवली. फोटो सगळ्यात जास्त त्यांचेच निघाले.

[१६:४०] किंमत कशी लावायची?

एक आजी गोधड्या शिवतात. मी विचारलं, ‘आजी, विकायला किती सांगायचे?’ म्हणाल्या, ‘चारशे सांग, जास्त कोण देतं.’

मग आम्ही बसून हिशेब केला. पंधरा दिवस, रोज दुपारी तीन तास. ४५ तास झाले, म्हणजे आठ तासांचे साडेपाच दिवस धरा. दिवसाला ३०० रुपये मजुरी धरली तरी १,६५० रुपये. धागा आणि वरचं कापड २०० रुपये. झाले १,८५०. आजी म्हणाल्या, ‘एवढ्याला मी पण नाही घेणार!’

चिठ्ठीवर आम्ही फक्त किंमत लिहिली नाही, हा हिशेबही लिहिला. तीन गोधड्यांपैकी एक पूर्ण किमतीला गेली. दोन नाही गेल्या. पण चिठ्ठी वाचल्यावर घासाघीस कुणी केली नाही. मोठ्या शहरात गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त कापून घेतात. इथं दुकानदारानं काही घ्यायचं नाही असं आधीच ठरलं होतं, आणि पैसे थेट आजींच्या नातवाच्या क्यूआरवर. ही गोष्ट आधी ठरवा आणि लिहून ठेवा. नंतर ठरवलं की भांडणं होतात.

[१८:३०] त्या संध्याकाळी काय झालं?

ऍप कुणी वापरलं नाही. काकांनी पांढऱ्या रंगानं रस्त्याच्या कडेला बाण काढले होते, लोक त्या बाणांवरून चालले. पोरं तर बाणांवर उड्या मारत गेली. माझ्या दोन शनिवार-रविवारच्या कोडपेक्षा तो अर्धा डबा चुना भारी पडला.

सगळं गोड झालं असं नाही. एका दुकानासमोर एवढी गर्दी झाली की त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक मागे फिरलं. त्यांनी सरळ सांगितलं, ‘पुढच्या वेळी माझं दुकान नको.’ आणखी एक दुकानही गळालं. शाळेतल्या पोरांची चित्रं वाऱ्यानं दोनदा पडली. एका तरुण चित्रकाराचं काहीच विकलं गेलं नाही आणि तो शेवटी न सांगताच निघून गेला. त्याला मी नंतर फोन केला, पण खरं तर त्याच्या शेजारी त्या वेळी कुणीतरी बसायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी प्रत्येक कलाकारासोबत एक माणूस, हा नियम.

मग यशस्वी झालं की नाही हे कसं मोजायचं? रील किती चालली यावर नका मोजू. पंधरा दिवसांनी परत जा आणि तीन प्रश्न विचारा. दुकानदाराला: नवीन कुणी आत आलं का? कलाकाराला: नवीन काम मिळालं का? आणि दोघांनाही: परत कराल का?

आमचं उत्तर असं, नऊपैकी सात दुकानं परत तयार आहेत. आणि पेंटरकाकांना वॉकनंतर चार पाट्यांचं काम मिळालं, त्यातली दोन शेजारच्या गावातली. चार पाट्यांनी कुणाचं आयुष्य बदलत नाही, हे मलाही कळतं. पण मी निघायच्या आदल्या दिवशी बाजारात गेलो तेव्हा काका शिडीवर होते. खाली उतरले, पाटीच्या कोपऱ्यात बारीक ब्रशनं स्वतःचं नाव टाकलं आणि खाली मोबाइल नंबर. मला म्हणाले, ‘हे घे तुझं एक्स्पोजर.’

[२१:१०] जाता जाता

तर तुमच्या गावात करायचं असेल तर पहिल्या आठवड्यात एवढंच करा. बाजारपेठेतून एक चक्कर मारा, फोन खिशात ठेवून. हातानं केलेली कामं कुठं कुठं दिसतात ते बघा, पाटी, रांगोळी, मूर्ती, गोधडी, बैलांच्या झुली. कुणी केलं ते विचारा. मग त्या माणसाकडं जा, आणि जाताना ‘प्रसिद्धी’ हा शब्द घरी ठेवून जा.

आमचा दुसरा वॉक पुढच्या दिवाळीनंतर, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. जवळपास असाल तर या. ऍप नाही, बाण बघत या.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जमलं तर थोडं चालतही राहा!